फराळाला जेवण म्हणत नाहीत

आमच्या आत्याबाई चाळीच्या पायरीवरून पडल्या तेव्हा हातातली कळशी त्यांनी सोडली नाही. पाणी सांडू नये म्हणून कळशी धरून ठेवली आणि स्वतःच सांडले, असं त्या पुढं कितीतरी वर्षं हसून सांगायच्या. त्या दिवशी मात्र कोणी हसलं नाही. उजवं पाऊल बाहेरच्या अंगाला वळून पडलं होतं आणि त्या ओठ आवळून वर पत्र्याकडं बघत होत्या. बदलापूरकडचा एक हाडवैद्य आला, त्यानं पाय न हलवता नुसता पाहिला आणि सरळ सांगितलं, "हे मनगटाचं काम नाही, खुब्याचं आहे. माझ्या हातातलं नाही. मुंबईला न्या." त्या माणसाचे उपकारच म्हणायचे, नाहीतर तो लेप लावून मोकळा झाला असता.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या साताऱ्याकडं सासूला आत्या म्हणतात. मी लग्न होऊन अंबरनाथला आले त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, कारखान्यांत माणसं लागत होती, आणि आमचे हे काड्यापेटीच्या कारखान्यात चिकटले होते. बुवापाड्याच्या अंगाला चाळीतली एक खोली, पुढं लांबलचक ओटा, ओट्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून संडास. माझी शाळा चौथीत सुटलेली, धाकटी भावंडं सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं म्हणून. गावाबाहेरची अशी मला काहीच माहिती नव्हती. नळावर निम्म्या बायका हिंदीत भांडायच्या, मला वाटायचं मलाच बोलतात. पहिल्याच आठवड्यात आत्याबाईंनी मला हाताला धरून नळावर नेलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ही माझी सून. भोळी हाय. हिला कोण बोललं तर माझ्याशी गाठ हाय." आई लहानपणी गेलेल्या पोरीला असं कोणी म्हणालेलं नव्हतं. त्यामुळं त्या अशा आडव्या झाल्यावर मला जी धास्ती बसली ती नुसत्या सुनेची नव्हती. या बाई गेल्या तर या मुलखात मी कुणाच्या पदराआड उभी राहणार, ही ती धास्ती होती.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्यांच्या पायाला वजन लावून बरेच आठवडे ठेवलं. मग घरी सोडलं. पायाच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, पाय हलवायचा नाही, पाठ भिंतीला थोडी टेकवली तर चालेल, आणि पुढं जवळचा डॉक्टर दाखवत राहा, असं सांगितलं. जवळचा डॉक्टर म्हणजे कॅम्पातला. उल्हासनगरला तेव्हा सगळे कॅम्पच म्हणायचे. फाळणीनंतर आलेले सिंधी लोक तिथल्या बराकींत राहायचे, त्यांच्यातलाच हा उतारवयाचा डॉक्टर सायकलवरून यायचा. विजारीला सायकलची क्लिप, कपाळावर घाम. मराठी येत नव्हती त्याला, आणि मला हिंदी.

पहिल्या खेपेला त्यानं पाय बघितला, छातीला नळी लावली आणि जाताना मला म्हणाला, "बेटी, इनके खाने पर ध्यान रखना. पूरा ध्यान."

मी मान हलवली. सायकल वळली तशा आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, "ऐकलंस न्हवं? डॉक्टर बी तेच सांगतोय. खाण्यावर ध्यान ठेव."

आता आमच्याकडं ध्यान ठेवायचं म्हणजे काय, हे सांगायला हवं. म्हशीवर ध्यान ठेव म्हणतात, ती दुसऱ्याच्या शाळूत तोंड घालू नये म्हणून. हावरट पोरावर ध्यान ठेव म्हणतात. खाण्यावर ध्यान ठेवायचं म्हणजे तोंडाला आळा घालायचा, यात मला, आत्याबाईंना किंवा ह्यांना कणभरही शंका आली नाही. शिवाय ते पटण्यासारखंही होतं. काम करणाऱ्याला भूक, पडलेल्याला कसली? आत्याबाई तर मुळातच एकभुक्त. मामंजी गेल्यापासून त्या दिवसातून एकदाच, दुपारी, अन्न घ्यायच्या. सोमवारी आणि एकादशीला तेही नाही. गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळं मासळी-मटणाचा प्रश्नच नव्हता. आता त्यांनी त्या एका जेवणातही कपात केली. वाटीभर पेज, वरणाचं वरचं पाणी, कधी चतकोर भाकरी दुधात कुस्करून. पाणीसुद्धा घोट-घोट. मी आपली मन लावून ध्यान ठेवत होते. "अजून घेऊ का गं?" असं त्यांनी कधी विचारलंच नाही, त्यामुळं मला आपण चांगलं करतोय असंच वाटत राहिलं.

दूध घालायला मांजर्लीहून एक बाई यायची. नदीकाठची शेतकरीण, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पितळी चरवी, आणि जिभेला हाड नाही. ती खोलीत डोकावल्याशिवाय जायची नाही. एकदा आत्याबाईंकडं बघून म्हणाली, "काय गो आजे, तुजी ही सून तुला वाळवतंय का काय? पापडासारखी झालीस."

"डॉक्टरनं सांगितलंय," मी घाईनं म्हणाले.

"डाक्टरनं? मंग तो डाक्टर नाय, सावकार हाय."

आत्याबाई हसल्या, पण हसताना त्यांना दम लागला. दंडावर गोंदलेली तुळस सुरकुतून वेलीसारखी लोंबायला लागली होती. कुशीवर वळवताना त्या मला अगदी हलक्या लागायच्या. आधी बरं वाटायचं, उचलायला सोपं म्हणून. मग भीती वाटायला लागली. माकडहाडाच्या जागी एक लाल चट्टा उठला, आणि एके सकाळी त्याची कातडी गेलेली दिसली.

डॉक्टर त्याच सुमाराला आला. आता त्यांना बसवायचं, दोन्ही पाय खाली सोडायचे, असा त्याचा बेत होता. एका अंगानं त्यानं धरलं, एका अंगानं मी. आत्याबाई बसल्या, आणि लगेच त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली. डोळे पांढरे. आम्ही त्यांना परत आडवं केलं. डॉक्टरनं तोंडावर पाणी मारलं, त्या शुद्धीवर आल्या, तशी त्याची दोन बोटं त्यांच्या मुठीत देऊन म्हणाला, "दबाओ, माई." त्यांनी दाबली. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की ती दाबल्यासारखी त्याला लागलीच नाहीत.

"खाती क्या हैं?"

मी सांगितलं. पेज, वरणाचं पाणी, चतकोर. आणि मोठ्या विश्वासानं पुढं म्हणाले, "ध्यान रखा जी. एक घास जास्त नाही दिला."

तो खो खो हसला. मग एकदम हसायचा थांबला आणि खाटेच्या कडेला बसला. त्या दिवशी आमचे हे दुसऱ्या पाळीला होते म्हणून घरी होते, त्यांना थोडी हिंदी यायची, म्हणून पुढचं सगळं मला कळलं.

"हड्डी क्या हवा से जुड़ेगी?" डॉक्टर म्हणाला. त्याचं म्हणणं असं की मोडलेलं हाड सांधायला शरीराला सामान लागतं, आणि घरात सामान आलं नाही तर शरीर दुसरीकडची भिंत पाडून तिथल्या विटा आणतं. म्हणून दंड गेले, मांड्या गेल्या, पाठीची कातडी गेली. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला चालत्या माणसापेक्षा जास्त खायला लागतं, कमी नाही. दूध, दही, डाळ, शेंगदाणे, अंडं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. आणि सकाळचं ऊन. मग तो ह्यांच्याकडं वळून हळू बोलला, पण खोली एकच, त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं. अंगात ताकद आली नाही तर ह्या उठणार नाहीत. आणि या वयाला जो उठत नाही त्याची छाती भरते, पाठ सडते. दिवस फार नाहीत. मी महिन्याभरानं येतो, तोवर बसत्या झाल्या पाहिजेत.

जाताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि या वेळी मराठीत बोलायचा प्रयत्न केला, "ध्यान नाही. खिलाव. खूप खिलाव."

मी त्याच दुपारी ताट वाढलं. भात, घट्ट वरण, तूप, दही, शेंगदाण्याची चटणी. आत्याबाईंनी तीन घास खाल्ले आणि ताट सरकवलं.

"अंडं तर नकोच," त्या म्हणाल्या.

"अंडं कुठं दिलंय? पण रात्री थोडं खा. डॉक्टर म्हणाला..."

"त्यो डॉक्टर कॅम्पातला. त्याला माझा नेम काय म्हाईत? मी एकदाच जेवते. तुझ्या मामंजींच्या माघारी एक दिवस मोडला नाही, आता मोडू?"

मग एकाच जेवणात सगळं बसवायचा मी प्रयत्न केला. ते पोटात राहायचं नाही. डॉक्टरनं ह्यांना सांगून ठेवलं होतं की दूध फाडून त्याचं पनीर करा, त्यात फार ताकद असते. मी लिंबू घेऊन बसले तर आत्याबाई खाटेवरून ओरडल्या, आजारपणात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं. "चांगलं दूध नासवतीयास? हातानं? घरात काय अवदसा आणायची हाय का?" मी लिंबू ठेवून दिलं. दूध नासलं की आमच्याकडं काहीतरी वाईट व्हायचं म्हणून मनात पाल चुकचुकते, आणि मला तर तेव्हा आधीच कमी धास्ती नव्हती.

असे काही दिवस वाया गेले. मला रात्री झोप लागायची नाही. यांचं काही बरंवाईट झालं तर लोक म्हणतील सुनेनं उपाशी मारलं, हे तर होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे ते खरंच झाल्यासारखं होईल.

उलगडा दूधवालीनं केला. मी मागच्या दाराबाहेर मोरीत भांडी घासत होते. ती चरवी उतरवून आत्याबाईंच्या पायाशी टेकली होती आणि मी घरात नाही असंच तिला वाटलं असावं.

"खरं सांग गो आजे. भूक नाय, का दुसरं काय हाय?"

"माझा नेम..." आत्याबाई पुटपुटल्या.

"नेम-बिम मला नको सांगू. मी पन रांडमुंडच हाय. माझा नेम म्हशीनं खाल्ला. दुसरं काय हाय?"

मग आत्याबाई म्हणाल्या, "खाल्लं की निघतं. निघालं की ती पोर उचलती. माझ्या पोटची नाही, परक्याची लेक. नवी नवरी. हळदीचा हात अजून वाळला नाही तिचा, आन् त्या हातानं माझं भांडं... कमी खाल्लं की दोन दिवसांनी एकदा होतं. तेवढंच."

पाणी घोट-घोट का, तेही आत्ता कळलं. मला नळावर हाताला धरून नेणारी बाई माझे हात विटाळू नयेत म्हणून आतल्या आत विझत होती, आणि मी बाहेरून ध्यान ठेवत होते.

मी रडले नाही. का कोण जाणे, मला रागच आला. हात न पुसताच मी आत आले.

"आत्याबाई, नीट ऐका. डॉक्टर काय म्हणाला? ताकद आली की बसाल. बसाल की चौरंगावर बसवता येईल. तिथून पुढं आपल्या पायांनी संडासापर्यंत जाल, भांड्याचं काम संपलं. म्हणजे जितकं कमी खाल, तितके दिवस माझ्या हातात राहाल. माझ्या हातातून सुटायचं असेल तर खा."

मी त्यांच्याशी इतकं एका दमात कधी बोलले नव्हते. दूधवाली तोंडाला पदर लावून बसली. आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या, जशा बाजारात एखादं वासरू चार पायांवर नीट उभं आहे का बघतात.

"चौरंगाला भोक कोण पाडंल?" त्यांनी विचारलं.

"तुमचा लेक पाडंल. त्याला दुसरं काय काम हाय?"

"आन् माझा नेम?"

याचं उत्तर त्यांनीच काढलं. म्हणाल्या, "जेवण एकदाच. पण उपासाला फराळ चालतो न्हवं? फराळाला काय जेवण म्हणत न्हाईत."

"न्हाईत," मी म्हणाले.

"आन् फराळ दिवसातनं किती वेळा, ते काय कुठं सांगितल्यालं न्हाई."

"कुठंच न्हाई," दूधवाली म्हणाली. "मी तर म्हंते, उजाडल्यापासून मावळंपर्यंत एकच फराळ धर, मधी मधी थांबायचं."

त्या दिवसापासून आमच्या घरात रोज एकादशी लागली, दुपारचं जेवण तेवढं सोडून. सकाळी उठल्याबरोबर राजगिऱ्याची लाही दुधात. उन्हं वर आली की मी आणि हे खाट ओट्यावर ओढायचो, तिथं शेंगदाण्याचा लाडू, पाट्यावर मऊ वाटून, कारण आत्याबाईंना दाढा नव्हत्या. दुपारी जेवण, त्यात डाळ घट्ट आणि वर तूप. तिसऱ्या प्रहरी दही-साखर किंवा रताळं दुधात शिजवून. दिवेलागणीला वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. निजताना दूध. पहिले दिवस दोनच चमचे जायचे. मी चमचा घेऊन बसून राहायचे. घाई केली की त्या तोंड मिटायच्या, म्हणून मी गोष्टी काढायचे, माझ्या गावच्या, त्यांच्या गावच्या, आणि गोष्टीच्या भरात वाटी संपायची. अजून कुणाला भरवायची वेळ आली तर मी हेच करते.

दूधवालीची म्हैस व्याली तेव्हा ती चीक घेऊन आली. "हा पन फराळच," असं तिनं दारातूनच बजावलं. मी गूळ-वेलदोडा घालून खरवस केला. दूध नासवायचं नव्हतं, आपोआप थिजायचं होतं, त्यामुळं आत्याबाईंची हरकत नव्हती. मनातल्या मनात मी म्हणाले, डॉक्टरच्या पनीरचा हा चुलतभाऊच असणार.

चाळीतल्या बायकांना आमचा हा फराळ कळला आणि चेष्टा सुरू झाली. "काय आजी, आज कितवा उपास?" कुणी विचारलं की आत्याबाई गंभीर चेहऱ्यानं सांगायच्या, "कडक हाय गं आज. लाडू दोनच झालेत." पण चेष्टा करणारीच कुणी जाता-जाता रताळी ठेवून जायची, कुणी वाटीभर दही. शेजारच्या सिंधी बाईनं खसखस आणि बदाम वाटून दिले. मी तिला हिंदीत काय म्हणावं हे न कळून नुसते हात जोडले. तिनं माझा गालगुच्चा घेतला. नळावर ज्या बायकांची मला भीती वाटायची त्यातलीच ती एक.

ह्यांनी खोक्याच्या फळ्या आणून उंच पायांचा चौरंग केला, मधोमध गोल भोक, कडा काचेनं घासून गुळगुळीत केलेल्या. आत्याबाईंनी हात फिरवून बघितला आणि लेकाला म्हणाल्या, "देवासाठी एवढा चांगला कधी केला न्हाईस."

पाठीची जखम कोरडी पडायला लागली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण जिंकतोय. मग एके सकाळी त्या माझ्या खांद्याला धरून उठून बसल्या आणि मान पडली नाही. डॉक्टर आला तेव्हा त्या पाय खाली सोडून बसलेल्या होत्या. त्यानं दोन बोटं पुढं केली. त्यांनी इतकी दाबली की तो "अरे माई!" म्हणून ओरडला. मी त्याला वाटीत खरवस दिला. काय काय खाऊ घालते ते ह्यांनी सांगितलं, उपासाचं गणितही सांगितलं. डॉक्टर चाटूनपुसून खात होता. म्हणाला, "ऐसा व्रत तो मैं भी रख लूँ."

उभं राहायला त्यानंतरही वेळ लागला. पाय थोडा आखूड झाला होता, तो आयुष्यभर तसाच राहिला. आधी भिंत, मग माझा खांदा, मग काठी. चौरंग खोलीतल्या कोपऱ्यात असायचा, मधे मी पातळाचा पडदा धरायचे. भांडं तरी मलाच न्यायला लागायचं, आणि ते त्यांना खुपत होतंच. त्या बोलायच्या नाहीत, पण लाडू मात्र आता मागून घ्यायच्या.

मग एका सकाळी, मी चुलीवर दूध ठेवलं होतं, तेव्हा त्यांनी काठी घेतली आणि म्हणाल्या, "चौरंग उचल. पुढं जाऊन संडासात मांड. आन् मागं फिर."

"आत्याबाई, ओटा लांब हाय."

"मला म्हाईत हाय किती लांब हाय. माझ्याआधी चाळीत कोण आलंय का?"

मी चौरंग मांडून आले. त्या एका हातात काठी आणि एका हातात टमरेल घेऊन निघाल्या. खांद्यावर पदर नीट घेतलेला. काठी, आखूड पाय, लांब पाय. मी दोन पावलं मागून निघाले तर न वळताच म्हणाल्या, "सावली पडतीया तुझी." मी थांबले. दारादारांत बायका उभ्या राहिल्या. कुणाच्या हातात झाडू, कुणाच्या कडेवर पोर.

"काय वरात बघताय?" आत्याबाई म्हणाल्या. "कुणाला जायचं असंल तर माझ्यानंतर. नंबर लावा."

सगळा ओटा हसला. मी एकटी हसले नाही, माझा जीव त्या काठीच्या टोकाशी होता. त्या दाराशी पोचल्या, टमरेल आत ठेवलं, चौकट धरून आत गेल्या, दार ओढून घेतलं. आणि आतून कडी घातली.

त्या कडीचा आवाज ऐकला आणि मी तिथंच ओट्यावर बसले. शेजारची सिंधी बाई माझ्याजवळ येऊन बसली.

आत्याबाई बाहेर आल्या त्या नव्या कोऱ्या दिसत होत्या. परत येताना मी बसलेली दिसले तशा काठी आपटून उभ्या राहिल्या.

"हितं काय करतीयास? चुलीवर दूध कोण बघतंय?"

मी उठून पळाले. दूध केव्हाच उतू गेलं होतं. सकाळचा सगळा फराळ राखेत वाहिला होता, आणि आत्याबाईंना आता भूक लागली होती. त्या दिवशी मी पोटभर बोलणी खाल्ली.